मंद आचेवर बहात्तर वर्षं

“मग ती पेशी मरते का?”

“मेली असती तर बरं झालं असतं, तात्या. मरत नाही. काम विसरते.”

केरबातात्यांनी मान हलवली. त्यांच्या ओळखीत अशी बरीच माणसं होती.

सकाळचे नऊ वाजले होते. गुऱ्हाळावर दिवसाचं दुसरं आधण चढलं होतं. खोलीएवढ्या काहिलीत उसाचा रस रटरटत होता आणि दोन गडी वरची मळी काढत होते. तात्या चुलवाणाजवळ बाजेवर बसले होते. डावा पाय पालथ्या बादलीवर होता. त्या पायाचा अंगठा काळा पडला होता. अंगठ्यावर कुणीतरी हळद लावली होती, आणि हळदीवर आणखी कुणीतरी आणखी काहीतरी. गावात सल्ल्याला तोटा नव्हता.

तात्या गुळव्या. म्हणजे उकळत्या रसाचा गूळ नेमका कोणत्या क्षणी होतो, ते सांगणारा माणूस. क्षण हुकला की रस एकतर काकवी होऊन बसतो, नाहीतर जळतो. सेहेचाळीस हंगाम तात्यांनी तो क्षण हुकवला नव्हता, म्हणून लोक त्यांना इतर बाबतींतही विचारायला येत. तात्या ऐकून घेत आणि हातावर गुळाचा खडा ठेवत. निम्म्या लोकांचं तेवढ्यावर भागे.

समोर सुवर्णा बसली होती. ती डॉक्टर होती, पण इंजेक्शन देणारी नव्हे, त्यामुळे गावाच्या लेखी अर्धीच. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती काचेच्या तबकडीत रक्तवाहिन्यांतल्या स्नायूंच्या पेशी वाढवी. परदेशात तिच्या कामाचा गौरव झाला, तेव्हा गावानेही शाल घातली होती. सरपंचांनी भाषणात तिच्या विषयाचं नाव दोनदा चुकवलं. तिने दोन्ही वेळा उठून दुरुस्त केलं.

रस्त्यावर तिची गाडी उभी होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात दुपारी बाराची वेळ ठरली होती. आज रक्तवाहिनी मोकळी केली, तर पाय वाचण्याची आशा होती. तात्या म्हणत होते, हंगाम संपू दे. हंगामाला पाच आठवडे होते. पायाला तेवढे नव्हते.

“काम काय असतं तिचं?” तात्यांनी विचारलं.

“रक्तवाहिनीच्या भिंतीत बसायचं. आवळायचं आणि सैल सोडायचं. जन्मभर एवढंच.”

“आणि विसरते कशानं?”

“साखरेनं. रक्तात साखर जास्त झाली की ती प्रथिनांना चिकटते. आधी सुटू शकते, मग नाही. अशी बिघडलेली प्रथिनं त्या पेशीला लागली, की ती आवळणं-सोडणं टाकून देते. वाढत सुटते. आपली जागा सोडून आत सरकते. काही पेशी तर हाडासारख्या वागायला लागतात. भिंतीत चुना धरतात.”

“मऊ मांसाचं हाड?”

“जवळजवळ.”

तात्यांनी काहिलीच्या काठाकडे पाहिलं. तिथे जुन्या पाकाची काळी कड दगडासारखी धरली होती.

“हे तू डोळ्यांनी बघितलंस?”

“मी करते. प्रथिन आणि साखर एकत्र करायची, अंगाच्या उबेत ठेवून द्यायची. आठ आठवड्यांत पिवळं-तांबूस होतं. ते पेशींना घालायचं.”

“जाळ किती?”

“जाळ नाही. अंगाची ऊब फक्त.”

“मंद आच.” तात्या म्हणाले. “आठ आठवडे म्हणजे घाई करता तुम्ही. मी बहात्तर वर्षं शिजतोय.”

मळी काढणारा गडी हसला. सुवर्णा हसली नाही.

“तुम्ही मला दहा वर्षांपूर्वी सांगितलंत, साखर सोडली म्हणून.”

“सोडली की. चहात गूळ घालतो.”

“तात्या…”

“गुळव्याच्या घरात गुळाला साखर म्हणायची पद्धत नाही. काय करायचं?”

“रक्ताला पद्धत कळत नाही.”

“व्हय. ते बाहेरचं हाय.”

तिने डोकं धरलं. जगभरच्या सभांतून तिने शंकेखोर माणसांना गप्प केलं होतं. त्यांपैकी कुणीच तिला सहाव्या वर्षी खांद्यावर बसवून काहील दाखवली नव्हती, हीच अडचण होती.

चहातला गूळ तर किरकोळ. खरी गोष्ट वेगळीच होती. या गुऱ्हाळाचा रिवाज असा, की गुळव्याने चाखल्याशिवाय आधणाला कुणी हात लावायचा नाही. गरम गुळाचा गोळा पळसाच्या पानावर त्याच्याकडे जायचा. तो चाखून मान हलवायचा, मगच साचे भरायचे. दिवसाला सहा आधणं. सेहेचाळीस हंगाम. सुवर्णाने गाडीत बसून हिशेब करायला घेतला होता आणि मध्येच सोडून दिला होता.

“दुसरा कुणी चाखेल,” ती म्हणाली.

“कोण?”



सुवर्णाचे वडील याच चुलवाणात चिपाडं घालत. शाळा सुटली की ती इथे येई. पोरीच्या जातीने काहिलीला हात लावायची पद्धत नव्हती. तात्यांनी ती पद्धत एका दुपारी विसरल्यासारखी केली आणि तिला शिकवलं. सोळाव्या वर्षी तिने पहिलं आधण स्वतः उतरवलं. पानावरचा गोळा तात्यांनी तोंडात घातला, थोडा घोळवला आणि चुलवाणात थुंकला. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना म्हणाले, हिला कोल्हापूरला शिकायला ठेव.

त्यानंतर तिला शाली मिळाल्या, पदकं मिळाली. तो थुंकलेला गोळा मात्र कुठल्याच पदकाखाली झाकला गेला नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या दिवशी माझं आधण एवढं वाईट झालं होतं?”

रसाचे बुडबुडे आता मोठे, आळशी झाले होते.

“गिळला असता,” ते म्हणाले, “तर तू इथंच राहिली असतीस.”

…

धुरामुळे असेल, पण सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

“तात्या, चला,” ती हळू म्हणाली. “गाडी उभी आहे.”

“चढलेलं आधण टाकून गुळव्या उठत नाही.”

“मग उतरवा लवकर.”

“मला उभं राहता येत न्हाई.” तात्यांनी पायाकडे बोट दाखवलं, जणू तो शेजाऱ्याचा होता. “तू सांग, कधी उतरवायचं.”

“चोवीस वर्षं झाली. माझा हात गेलाय.”

“हात हाय की तिथंच. भाव वाढलाय फक्त त्याचा.”

ती उठली. साडीचा पदर खोचला. बादलीतल्या गार पाण्यात बोटं बुडवली, तशीच काहिलीच्या काठावरच्या पाकात घातली आणि पुन्हा पाण्यात. बोटांत आलं ते ओघळून गेलं. अजून नाही. पुण्याला तिच्याकडे तापमान शंभराव्या भागापर्यंत दाखवणारं यंत्र होतं. ते पुण्यालाच होतं.

पुन्हा बोटं घातली. पाक पाण्यात आवळला, पण गोळी धरेना.

तिसऱ्यांदा तिला वाटलं, झालं. मग वाटलं, नाही. तिने एकदा तात्यांकडे पाहिलं. तात्या आपल्या अंगठ्यावरच्या हळदीचा अभ्यास करत होते.

चौथ्यांदा बोटांत गोळी आली. मऊ, पण आपल्या पायावर उभी.

“उतरवा.”

काहील उतरवायला जमलेले चारी गडी जागचे हलले नाहीत. सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” तात्या म्हणाले. “गुळव्या तिकडं हाय.”

काहील उतरली. पाक गार करायच्या वाफ्यात पसरला आणि फावडी फिरू लागली. रंग यायला लागला तसा सुवर्णाचा चेहरा उतरत गेला. तात्यांकडे टाकलेल्या त्या एका नजरेत तिचा क्षण हुकला होता. रंग किंचित गडद होता. दुसऱ्या कुणाला कळला नसता. इथे कळणारा माणूस तीन हातांवर बसला होता.

“जरा जास्त झाला,” ती म्हणाली.



थोरल्या गड्याने रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानावर गरम गोळा ठेवला आणि दोन्ही हातांनी तात्यांपुढे धरला. फावडी थांबली. गुऱ्हाळात फक्त चुलवाणाचा आवाज राहिला.

तात्यांनी पान घेतलं.

सुवर्णा पुण्याहून रात्रभर गाडी हाकत आली होती ती याच एका गोष्टीसाठी, की या माणसाच्या तोंडात आता गुळाचा एक कणही जाऊ नये. आणि आता तिच्या ध्यानात आलं, की आपण श्वास रोखून उभे आहोत आणि मनात एकच म्हणतो आहोत: चाखा. एवढं एकच. हा एक चाखा.

तिला स्वतःची लाज वाटली. तरीही तिची नजर पानावरून हलेना.

तात्यांनी पान नाकाजवळ नेलं. डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले… सेहेचाळीस हंगाम एका श्वासात घ्यायला तेवढा वेळ लागतच असेल.

मग त्यांनी पानाची घडी घातली. सुवर्णाचा हात ओढून घेतला, पान तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. बोटं पाकाने पोळून लाल झाली होती. तात्यांनी त्यांवर फुंकर घातली, तिच्या सहाव्या वर्षी घालत तशी.

“भरा रे साचे,” ते गड्यांना म्हणाले.

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चाखल्याशिवाय साचे भरण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. पण तात्यांनी तोवर पाय बादलीवरून खाली घेतला होता आणि सुवर्णाच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठत होते.

रस्ता पन्नास पावलांवर होता. त्यांना बराच वेळ लागला. अर्ध्या वाटेत तात्या दम खायला थांबले. मागे साच्यांत गूळ पडण्याचा जड, ओला आवाज येत होता. तात्यांनी वळून पाहिलं नाही.

गाडीचं दार उघडून सुवर्णाने त्यांचा पाय अलगद आत ठेवला. मग तिला राहवलं नाही.

“तात्या… तुम्ही चाखला नाहीत.”

तात्यांनी तिच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं.

“गोडच असेल.”