मुदपाकखान्याचा पहारेकरी

दुर्गसेन महाराजांना त्यांच्याच मुदपाकखान्यात शिरता येईना! दारात यांत्रिक पहारेकरी उभा. महाराज पुढे झाले की भाला आडवा. आचाऱ्यालाही भाला, राणीसाहेबांनाही भाला. कालपासून सारं राजघराणं चुरमुऱ्यांवर होतं.

"तुकोजी," महाराज कारागिरावर गरजले, "हा तू घडवलास. संध्याकाळपर्यंत नीट कर, नाहीतर राज्य सोडून चालता हो. त्याला फोडायचं नाही, आणि माझा हुकूमही मोडायचा नाही."

हुकूम काय, तर 'जागा झालास की आधी कान बंद कर, कुणाचं ऐकू नकोस.' पहारेकऱ्याला फितवून कुणी जिलब्या पळवू नयेत म्हणून महाराजांनीच तो घालून घेतला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आता दुरुस्ती करायची तर त्याच्या पाठीतल्या खिडकीला, म्हणजे जेटॅग नावाच्या त्याच्या कानाला, प्रोबची तार जोडून त्याच्याशी बोलावं लागे. आणि गडी उठल्याबरोबर पहिली तीच खिडकी लावून घेई. ती लागण्याआधी प्रोब जोडायला म्हातारा तुकोजी धावून धावून रडकुंडीला आला.

त्याची सून सगुणा जेवणाचा डबा घेऊन आली. महाराजांची नजर डब्यावरून हलेना.

"मामंजी, तुम्ही दोन घास खा. मी बघते."

तिने पहारेकऱ्याच्या मानेमागचं रिसेटचं बटण दाबून धरलं. तो झोपला खरा, पण प्रोबही मुका झाला.

"या दोन तारा एकत्र कुणी बांधल्या?"

"आम्ही," महाराजांचे मेहुणे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "एक पहारेकऱ्याला झोपवते, दुसरी त्या खिडकीला. दोन बटणं कशाला? काटकसर!"

"धन्य आहे, रावसाहेब. म्हणजे रोग्याला भूल द्यायची तर वैद्यालाही द्यायची."

तिने तारा वेगळ्या केल्या. पुन्हा बटण दाबून धरलं, पहारेकरी झोपेत असतानाच प्रोब जोडला आणि सांगून ठेवलं, 'उठलास की काहीही करण्याआधी थांब.' मग बोट उचललं. पहारेकरी उठला आणि तसाच थबकला. खिडकी उघडीच राहिली.

आत एक वाक्य सापडलं: 'ज्याला जिलबी आवडते, तो चोर.' तेही महाराजांचंच. सगुणाने ते पुसलं आणि भाला बाजूला झाला.

महाराजांना भुकेपेक्षा हुकूम मोठा. "पण माझा हुकूम मोडलास!"

"कुठे, महाराज? जागं झाल्यावर ऐकू नको, असा हुकूम. मी जागं होण्याआधीच बोलून घेतलं."

"ही युक्ती शिकवली कुणी?"

"साऱ्या महालाला येते. डोळे उघडल्यावर महाराजांचा पहिला शब्द 'नाही'. म्हणून राणीसाहेब सगळं तुमच्या साखरझोपेतच मंजूर करून घेतात."

राणीसाहेब छताकडे बघू लागल्या. महाराज आधी लाल झाले, मग पोट धरधरून हसले. तुकोजीची हद्दपारी रद्द झाली, सगुणाला राजयंत्रांचा कारभार मिळाला, वर परातभर जिलब्या.

"आणखी काय हवं ते माग."

"आता नको, महाराज. पहाटे येऊन मागेन."