भिंगऱ्यांचा चिखल

फार पूर्वी एका कड्याखाली भिंगऱ्यांची वसाहत होती. घरट्यांसाठी लागणारा चिखल ही पाखरं जवळच्या एकाच तळ्यावरून आणत. तिथला चिखल लोण्यासारखा मऊ होता. तळं मात्र एका बगळ्याच्या ताब्यात होतं.

एका वर्षी अंडी घालायचे दिवस जवळ आले आणि बगळ्याने वाट अडवली. "दिवसभर माझ्या माशांवर पहारा द्याल, तरच चिखल मिळेल."

"मग पिल्लांना कोण भरवणार?" तरण्या भिंगऱ्या रडकुंडीला आल्या. "पण त्याच्याशिवाय आपलं अडतंय ना!"

शेवंता नावाची वयस्क भिंगरी म्हणाली, "अडतंय, कारण आपण दुसरीकडे कधी बघितलंच नाही. चला."

त्यांनी जुनी पडकी घरटी फोडली आणि ती माती भिजवून पुन्हा मळली. जवळच्या ओढ्याचा चिखल खरबरीत होता, तर त्यातले खडे एकेक करून वेचले. काही जणी दूरच्या पाणथळीवर जाऊन टिटव्यांकडून चिखल घेऊन आल्या. बदल्यात घार दिसली की हाक द्यायचं कबूल केलं. तरीही माती पुरेना, तेव्हा शेजारच्या दोन घरट्यांना मिळून एकच भिंत घातली. चोची सोलवटल्या, भांडणंही झाली, पण काम कुणीच सोडलं नाही. अंडी वेळेवर घरट्यांत आली.

पुढच्या वर्षी घरटी बांधायच्या दिवसांत बगळा स्वतःच कड्याखाली आला. "पहारा राहू दे. चिखल तेवढा न्या, तळं गाळाने भरत चाललंय."

"नेऊ की," शेवंता म्हणाली, "पण जमेल तेवढाच. आम्हाला आता ओढ्यावरही जायचं असतं."