आंब्याचा डहाळा, निंबाचा डहाळा

फार मागची गोष्ट आहे. नगराचं नाव मी मुद्दामच सांगत नाही.

ते नगर एका घनदाट जंगलाच्या काठी होतं. जंगलात दरोडेखोरांचा सुळसुळाट, म्हणून वेशीवर एक तिरंदाज उभा असे. कुणी येताना दिसलं की त्याने तीन हाका माराव्यात आणि ओ आली नाही तरच बाण सोडावा, असा नियम होता. आणखी एक रिवाज होता. निवाडा अवघड असला की राजा दवंडी पिटवायचा. आरोपीच्या बाजूने असाल तर दारावर आंब्याचा डहाळा लावा, विरुद्ध असाल तर कडुनिंबाचा. चौथ्या दिवशी डहाळे मोजायचे, ज्याचे जास्त भरतील तो न्याय. राजाच्या डोक्याला तेवढाच आराम!

एका सकाळी दाट धुक्यातून मध काढणारा एक माणूस घरी परतत होता. तिरंदाजाने बाण सोडला आणि तो बिचारा वेशीतच मरून पडला.

दुपारपर्यंत सगळ्या नगराला सगळं ठाऊक झालं होतं. सकाळी जे अंथरुणात घोरत होते, ते तर सगळ्यात छातीठोकपणे बोलत होते. आंबेवाले म्हणाले, तो कोयता उगारून धावून आला. संध्याकाळपर्यंत त्या कोयत्याची तलवार झाली. निंबवाले म्हणाले, तिरंदाज पहिल्यापासूनच रक्ताला चटावलेला आहे. राजाने दवंडी पिटवली आणि दारोदार डहाळे लागले.

मेलेल्या माणसाच्या घरी मात्र एकही डहाळा नव्हता. तिथे त्याचा म्हातारा बाप अन्नाला शिवत नव्हता. "सूनबाई," तो एकच विचारत राहिला, "वीस वर्षं त्या वेशीतून ये-जा करणाऱ्या माझ्या लेकाने ओ का दिली नाही?"

सुनेला नवरा गेल्याचं दुःख तर होतंच, पण हे न कळणं तिला त्याहून जास्त खात होतं. शिवाय म्हातारा असाच उपाशी राहिला तर तोही हातचा जाणार होता. ती आधी आंबेवाल्यांकडे गेली. त्यांनी तलवारीचं वर्णन केलं. तुम्ही तिथे होतात का, असं तिने विचारलं, तर कुणीच नव्हतं. मग ती निंबवाल्यांकडे गेली. त्यांचा पुढारी एक धान्याचा व्यापारी होता, मोठा बोलघेवडा. त्याने तिला मिरवणुकीत पुढे चालायला सांगितलं, काय बोलायचं तेही पढवलं. तोही तिथे नव्हता.

शेवटी ती तिरंदाजाच्याच घरी गेली. चकार शब्द काढू नकोस, असं आंबेवाल्यांनी त्याला बजावलं होतं. तो खाली मान घालून बसला होता.

"मी तुझा निवाडा करायला आलेली नाही," ती म्हणाली. "माझ्या माणसाचं काय झालं, तेवढं खरं सांग."

तो म्हणाला, "त्याने मधमाश्यांसाठी डोक्याला, कानांना फडकं गुंडाळलेलं होतं, बाई. मी एकच हाक मारली. त्याला ती ऐकूच गेली नसणार. अजून दोन मारायला हव्या होत्या."

"मग का नाही मारल्यास?"

"माझ्या आधीच्या तिरंदाजाने तीन हाका मारल्या होत्या. तेवढ्यात दरोडेखोर आत शिरले. गावाने त्याच्या तोंडाला काळं फासून धिंड काढली. त्या दिवशी धुक्यात मला तुमचा माणूस दिसलाच नाही. ती धिंड दिसली."

तिला वाटलं, याचं तोंड ओरबाडून काढावं. ती तशीच घरी आली आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं. म्हातारा ढसाढसा रडला. मग त्याने भाकरीचे दोन घास खाल्ले.

चौथ्या दिवशी ती राजासमोर उभी राहिली. तिरंदाज चुकला आहे, त्याला शिक्षा द्या, ती म्हणाली. पण वेशीवर एकाऐवजी दोघं ठेवा, हाक ऐकू न आलेलाही थांबेल असा रस्त्यात आडवा दोर बांधा, आणि उठसूट धिंड काढणं बंद करा. आंबेवाले चिडले, कारण तिने तिरंदाजाला दोषी म्हटलं. निंबवाले चिडले, कारण तिने त्यांनाही सोडलं नाही. राजाने डहाळे मोजले. निंबाचे अकरा जास्त भरले. तिरंदाजाची धिंड काढून त्याला हाकलून दिलं आणि लोक समाधानाने जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी धनुष्य हाती घ्यायला कुणी येईना. मग राजाने घराघराला पाळी लावून दिली. पहिली पाळी त्या व्यापाऱ्याची आली. भल्या पहाटे धुक्यात काहीतरी हललं आणि त्याची पाचावर धारण बसली. परवाच्या धिंडीत तोच सर्वांत पुढे होता. ती कशी असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने एकही हाक न मारता बाण सोडला. सरपणाची मोळी घेऊन येणारा एक सुतार कोसळला. हा सुतार आंबेवाल्यांपैकी होता.

दुपारपर्यंत पुन्हा दारोदार डहाळे लागले. ज्या दारावर परवा निंब होता, तिथे आज आंबा होता. जिथे आंबा होता, तिथे निंब.

मध काढणाऱ्याची बायको सुताराच्या घरी गेली. त्याच्या बायकोजवळ बसली, तिला पाणी पाजलं. मग म्हणाली, "ऊठ बाई. कुणी काही सांगायच्या आत आपण त्या व्यापाऱ्यालाच जाऊन विचारून येऊ."

बाहेर राजाचे शिपाई आत्तापासूनच डहाळे मोजत होते. त्यांच्यामधून वाट काढत त्या दोघी वेशीकडे निघाल्या.

बोध एवढाच : शहानिशा न करता ज्याच्या त्याच्या माथी दोष मारणारं गाव पुढच्या चुकीची तयारी स्वतःच करून ठेवतं.