सांस्कृतिक सप्ताहाची स्वयंसेविका

एका विद्यापीठात एक भोळी मुलगी होती. मंजुषा तिचं नाव. एम.ए.ला होती, पण मागून कुणी शिंकलं तरी दचकायची. यंदा सांस्कृतिक सप्ताहात तिला स्वयंसेविकेचा बिल्ला मिळाला. आईला फोटोही पाठवून झाला. आता काहीही करून तो बिल्ला सप्ताह संपेपर्यंत टिकवायचा होता.

पहिल्या दिवशी जुन्या भांड्यांचं प्रदर्शन होतं. एका काकांनी तांब्या उचलून वाजवून पाहिला. मंजुषा नुसती बघत राहिली. काकांना कसं बोलायचं?

आयोजक टिपरे मॅडम म्हणाल्या, "अगं, कुणालाही हात लावू द्यायचा नाही."

"बरं मॅडम. आता लक्षात ठेवते."

दुसऱ्या दिवशी मातीकामाची कार्यशाळा. मंजुषाने कुणालाही मातीला हात लावू दिला नाही. सगळे हाताची घडी घालून मातीकडे बघत बसले.

"बाई गं," मॅडम म्हणाल्या, "इथे हात लावायचाच असतो. कुणी लाजलं तर त्याचा हात धरून लाव."

"बरं मॅडम. आता लक्षात ठेवते."

मग आलं रांगोळीचं प्रदर्शन. जमिनीवर एका आजीचा चेहरा, सुरकुतीन् सुरकुती काढलेली. लोक लांबूनच वाकून बघत होते. लाजतायत बिचारे. मंजुषाने एकेकाचा हात धरून रांगोळीत फिरवला. आधी आजीच्या सुरकुत्या गेल्या, मग नाक गेलं. रांगोळी काढणारा मुलगा चहा पिऊन आला आणि मटकन खालीच बसला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्या बाई रांगोळीतल्या आजीला पुन्हा नाक येईपर्यंत व्हरांड्यात उभ्या.

मॅडम अगदी हळू आवाजात बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं, असं मंजुषाला वाटलं.

"पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं नसतं. ते यायच्या आत सगळं उरकलेलं पाहिजे. आता एक चूक झाली, की बिल्ला परत."

शेवटच्या दिवशी मुख्य समारंभ होता. मॅडम प्रमुख पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेल्या. गाडीला उशीर. इकडे सभागृह भरलं. मंजुषाने घड्याळ पाहिलं, बिल्ला चाचपला आणि कामाला लागली.

मॅडम पाहुण्यांना घेऊन पोचल्या, तर सभागृहात चिटपाखरू नाही. समईच्या वाती विझत आलेल्या. स्टेजवर एकटी मंजुषा.

"लोक कुठायत?"

"घरी गेले मॅडम. सगळं उरकलं. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, आभारही मानले."

मॅडमनी खुर्चीचा आधार घेतला. "आणि सरांचं भाषण?"

"तेही केलं. भीती वाटत होती, म्हणून छोटंसंच केलं. लोकांना फार आवडलं."

पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे माझा सत्कार तेवढा राहिला असेल."

"छे हो सर," नारळ काखेत धरून खांद्यावरची शाल सावरत मंजुषा म्हणाली, "तेवढ्यासाठी तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू?"