पेवात न सोडलेला दिवा

फार फार वर्षांमागं, एका राज्यात, मोठ्या कचेरीवर तिसऱ्या प्रहराचा टोल पडला आणि नेमकं त्याच वेळी एका म्हातारीला दारातूनच परत पाठवलं. सगळं तिथून सुरू झालं.

त्या राज्यात एक रीत होती. राजाच्या नोकरीत नव्यानं लागलेल्या पोरांना चाळीस दिवस कचेरीत बसवून शिकवायचं आणि मग कामावर धाडायचं. शिकवायला थोरला कारभारी होता. पागोटं कसं बांधावं, मोठ्यांपुढं किती वाकावं, हुकूम कसा सोडावा, सगळं तो शिकवी. चाळिसाव्या दिवशीची दुपार मात्र जुन्या रिवाजानं कोठारावरच्या म्हातारीची असे. तिला सगळे कोठीआत्या म्हणत. ती बिचारी चार कोस चालत आली होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात लांब दोरीचं वेटोळं.

"ही काय शिकवणार?" कारभारी म्हणाला. "हिला सही तरी येते का? जा आत्या, आज आम्हाला हुकमाचा आवाज घोटवायचा आहे."

पोरं हसली. पुढं बसलेला एक हुशार पोरगा होता, तोही हसला.

मग कारभारी म्हणाला, "दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. मला माहीत नाही, असं हाताखालच्यांपुढं म्हणायचं नाही. आणि त्यांना काही विचारायचं नाही. विचारलंत की ते डोक्यावर बसले म्हणून समजा."

पोरांनी हे घोकून ठेवलं.

त्या हुशार पोराची नेमणूक कोठारावरच झाली. तिथं धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, घागरीसारखा, पोट मोठं आणि तोंड एवढंसं. तीन वर्षं बंद असलेलं एक पेव त्याला उघडायचं होतं. दुपारी थोरला कारभारी पाहणीला येणार होता. त्याआधी अंगणात धान्याची रास दिसायला हवी, असा निरोप होता.

हमालांनी शेणमातीचा लेप फोडला, दगड सरकवला. आतून कोंदट वास आला. सुभाना नावाच्या हमालानं कमरेला दोर बांधला, पण तो काठावरच थांबला.

"उतर की," नवा अंमलदार म्हणाला.

"आत्याचा दिवा होऊ द्या, सरकार."

कोठीआत्या दिवा पेटवतच आली. म्हणाली, "आधी दिवा सोडायचा. आत जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर दिवसभर तोंड उघडं ठेवायचं. बंद पेवातली हवा मेलेली असते, लेकरा."

म्हणजे काय, असं विचारावंसं पोराला वाटलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात मागून एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "नव्या सरकारांनी पेव आजच बघितलं वाटतं!" सगळे खुदकन हसले.

झालं. पोरानं शब्द गिळले आणि घोटवलेला आवाज काढला. "दिवसभर थांबायला ही काय जत्रा आहे? हुकूम आहे. उतर!"

सुभाना म्हणाला, "उतरतो, सरकार. घरी पोर तापानं फणफणलीय, मलाही लवकर सुटायचंय." आणि जाता जाता त्यानं आत्याची थट्टा केली, "आत्या, विझवू नको गं दिवा. वर आलो की चिलीम पेटवतो."

दोर दोनदा हलला. मग हललाच नाही.

सगळ्यांनी मिळून ओढला. सुभाना वर आला, पण त्याच्यात जीव नव्हता.

आत्यानं तो पेटता दिवा दोरीला बांधून आत सोडला. तीन हात खाली गेला आणि विझला. ती पोराकडं बघून म्हणाली, "हेच दाखवायला आले होते रे त्या दिवशी. तू तर पुढंच बसला होतास."

दुपारी कारभारी आला. त्यानं कागदावर लिहिलं, 'हमाल पाय घसरून पडला.' पोराच्या पुढं कागद सरकवून म्हणाला, "सही कर. बाकी मी सांभाळून घेतो."

पोरानं सही केली. घरी सुभानाची पोर तापात बापाला हाका मारत होती.

वर्षं गेली. आत्या गेली. थोरला कारभारीही गेला आणि त्याच्या गादीवर तोच हुशार पोरगा बसला. वरच्यांशी नीट वागणारा, कागद स्वच्छ ठेवणारा, म्हणून त्याला निवडलं.

सुभानाच्या बायकोनं मात्र आत्याचा दिवा आणि दोरी जपून ठेवली होती. नव्या पोरांचा चाळिसावा दिवस आला तशी ती चार कोस चालत कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"पोरांना एवढं दाखवू द्या, सरकार. यांतलं कुणीतरी कोठारावर जाईल."

त्यानं तिला ओळखलं. दिवा तर लगेच ओळखला. पण दिवा दाखवायचा, तर तो का दाखवायचा हेही सांगावं लागलं असतं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "जा बाई. आज आम्हाला हुकमाचा आवाज घोटवायचा आहे."

पोरं हसली. कचेरीवर तिसऱ्या प्रहराचा टोल पडला.

पुढच्याच साली पेव उघडलं, तेव्हा आणखी एक जण उतरला. तोही वर आला नाही.

तात्पर्य: मला माहीत नाही, असं म्हणायची ज्याला लाज वाटते, त्याच्या लाजेपायी हाताखालच्या माणसाचा जीव जातो.

तुमच्या घरातलं, शेजारपाजारचं एखादं लेकरू नोकरीला लागलं असेल, तर त्याचे पेढे खाताना ही गोष्ट त्याच्या कानावर घाला. आणि त्याला म्हणावं, तूही पुढं कुणाला तरी सांग.