सोमवारचा घाणा

नदीकाठच्या हिंगणी गावात तेल्यांची एक आळी होती, आणि त्या आळीत कोंडाजी नावाचा एक तेली राहत होता. घरात तो, त्याची बायको सगुणा आणि घाणा ओढणारा बैल पाखऱ्या. एवढाच संसार. कोंडाजी कामाला चोख. त्याच्या तिळाच्या तेलासाठी पलीकडच्या गावची माणसं नदी ओलांडून यायची.

आळीचा एक रिवाज होता. सोमवारी घाणा चालायचा नाही. सोमवार म्हणजे महादेवाचा वार, आणि बैल म्हणजे महादेवाचा नंदी. त्या दिवशी बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढायची, त्याला नदीवर न्यायचं, धुवायचं, चरायला सोडायचं. लाकडाचा घाणाही तेवढा वेळ निवायचा. आणि माणूस? माणूस पारावर गप्पा हाणायचा, नाहीतर दुपारी ताणून द्यायचा. कुणी विचारलं, आज काम नाही का, तर म्हणायचा, आज नंदीचा वार! खरं सांगायचं तर त्या निमित्तानं तेलीही जगायचा. पण देवाचं नाव पुढं केल्याशिवाय आपली माणसं विसावा घेतात कुठं!

एके दिवशी राजवाड्याचा कारभारी आळीत आला. त्यानं घराघरातलं तेल चाखलं आणि कोंडाजीच्या दारात थांबला.

"राजवाड्याच्या दिव्यांना तुझं तेल लागेल," तो म्हणाला. "रोज दोन बुधले, ताजे. रोज म्हणजे रोज. दसऱ्यापर्यंत खंड पडला नाही, तर भर दरबारात तुला पागोटं बांधू आणि राजतेली म्हणू."

राजतेली! कोंडाजीच्या सात पिढ्यांत कुणाला पागोटं मिळालं नव्हतं. तो शब्द त्याच्या डोक्यात जो शिरला तो शिरलाच. शेजारच्या तुळाजीकाकांनी विचारलं, "कोंडाजी, बैलाला विचारलंस का?"

"बैलाला काय विचारायचं, काका?" कोंडाजी हसून म्हणाला, आणि सारी आळीही तेव्हा हसली.

पहिल्या सोमवारी त्याला लाज वाटली. घाण्याची कुरकुर आळीत ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं सांध्यांना चिंध्या गुंडाळल्या. आळीनं ऐकायचं ते ऐकलंच. दुसऱ्या सोमवारी त्यानं चिंध्या गुंडाळल्या नाहीत. तिसऱ्या सोमवारी तो सोमवार आहे हेच तो विसरला.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. बुधले भरून जायचे, कारभारी मान डोलवायचा. मग हळूहळू काहीतरी बिनसत गेलं. सतत तापलेल्या घाण्यातून करपट वासाचं तेल यायला लागलं. कोंडाजीनं आधी तिळाला दोष दिला, मग पाखऱ्याला, मग सगुणेला. तो पडायचा, पण त्याचा डोळा लागायचा नाही. पडल्या पडल्या पाय हलत राहायचे. सगुणेनं त्याच्या आवडीची खीर केली, तर म्हणाला, "हिला चव नाही." अहो, खीर चांगलीच होती. याच्या जिभेलाच काही लागत नव्हतं.

"अहो, एक दिवस थांबा," सगुणा म्हणायची. "पाखऱ्याच्या खांद्याला जखम झालीय."

"दसऱ्यानंतर थांबायचंच आहे," तो म्हणायचा. "तेव्हा तोही थांबेल."

पाखऱ्या आधीच थांबला. एका सोमवारी भर दुपारी, फिरता फिरता, तो गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. तोंडातून फेस आला. सगुणेनं धावत जाऊन त्याच्या डोळ्यांवरची झापडं काढली, पण आता त्या डोळ्यांना दिसत काही नव्हतं. सगुणा त्याच्या मानेला मिठी मारून ओक्साबोक्शी रडली. आणि कोंडाजी? लेकरासारखा वाढवलेला बैल समोर मरून पडला होता, आणि हा माणूस घाण्यात डोकावून म्हणाला, "तेल अर्धंच निघालंय."

त्या शब्दांनी सगुणेचं रडणं थांबलं. तिला नवऱ्याची पहिल्यांदा भीती वाटली.

आळीतल्या माणसांनी पाखऱ्याला नेऊन पुरलं. नवा बैल घाण्याला शिकवायचा म्हणजे महिना-दोन महिने गेलेच, आणि दसरा तर तोंडावर आलेला. मग काय केलं असेल कोंडाजीनं? त्यानं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि फिरायला लागला. आळीतले बाप्ये समजवायला आले, तर त्यांच्या अंगावर ओरडला. म्हणाला, "तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही!" बिचारे निघून गेले.

सगुणेनं हात जोडले, पाया पडली. तो थांबेना. तेव्हा ती घाण्याजवळ जमिनीवर जाऊन बसली, जिथून जुवाला जोडलेलं आडवं लाकूड गोल फिरतं तिथंच.

"आता फिरवा," ती म्हणाली. "मला ओलांडून फिरवा."

तिला वाटलं, थांबेल. कुठल्याही बाईला वाटलं असतं. पण कोंडाजीची नजर जमिनीवर होती, आणि कानांत नुसती कुरकुर. लाकूड फिरत आलं आणि सगुणेच्या कपाळावर आदळलं. ती किंचाळून मागं पडली. तरीही तो आणखी एक फेरा फिरून तिथंच आला. मग त्याला मातीत रक्त दिसलं. हे कुणाचं, असा विचार करत तो क्षणभर उभा राहिला. कुणाचं ते कळलं मात्र, आणि जू खांद्यावर घेऊनच तो कोसळला.

देवाची कृपा, सगुणा वाचली. कपाळ भरून आलं. पण कोंडाजी उठेना. वैद्यानं नाडी बघितली, जीभ बघितली. ताप नाही, कुठं मोडलं नाही. "मग उठत का नाही?" सगुणेनं विचारलं.

"कशानं उठेल?" वैद्य म्हणाला. "आत काही शिल्लक ठेवलंय का त्यानं?"

कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दसरा आला आणि गेला. एका सकाळी त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. घाबरत, चोरासारखं विचारलं, "सगुणे, राजवाड्यात अंधार झाला का गं?"

सगुणा भाकरी थापत होती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही पडलात त्याच संध्याकाळी पलीकडच्या गावाहून तेल आलं. एक दिवा विझला नाही. तुम्ही कसे आहात, हे विचारायलाही कुणी आलं नाही."

कोंडाजीला हुंदका आला. "पाखऱ्या," तो म्हणाला. "माझा पाखऱ्या गं!" बैल मरून महिना उलटून गेला होता, आणि त्याचा धनी आज रडत होता. सगुणेनं त्याला रडू दिलं.

लोकांना वाटतं, दोन दिवस झोप काढली की माणूस टुणकन उठतो. कशाचं काय! कोंडाजीला अंगणापर्यंत यायला आठवडे लागले. घाण्याची कुरकुर ऐकली की त्याला घाम फुटायचा. चार पावलं चालला की दम लागायचा, आणि दम लागला की राग यायचा. तुळाजीकाका रोज येऊन शेजारी बसायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बसायचे. हिवाळा सरला तेव्हा कोंडाजी नदीपर्यंत जायला लागला. पुढं त्यानं एक खोंड आणला आणि त्याला उन्हाच्या आधी थोडं थोडं शिकवलं. घाणा पुन्हा सुरू झाला, पण निम्म्या चालीनं. तेलाला पुन्हा पहिल्यासारखा सुवास आला. डावा खांदा मात्र कायमचा उतरला, आणि सगुणेच्या कपाळावरचा व्रण बघितला की त्याची मान खाली जायची. ती कधी बोलली नाही. न बोलण्यानं काही व्रण जात नाही.

पुढच्या वर्षी कारभारी पुन्हा दारात उभा राहिला. "पलीकडच्या तेल्याचं तेल आता बिघडलंय," तो म्हणाला. "त्याला तुझ्या तेलाची सर नाही. अट तीच, मान तोच. बोल."

हो, मोह झाला कोंडाजीला! पागोटं अजून डोळ्यांसमोर होतं. सगुणा चुलीपाशी उठून उभी राहिली.

"कारभारी, सहा दिवसांचं देईन," कोंडाजी म्हणाला. "सोमवारी घाणा बंद."

"दरबाराला अटी घालतोस?"

"दरबाराला नाही, मला घालतोय."

कारभारी हसला. "मला दुसरा मिळेल."

"मिळेल, सरकार. मागच्या वेळी संध्याकाळच्या आत मिळाला. माझ्या घराला मात्र दुसरा कोंडाजी मिळायचा नाही."

कारभारी खांदे उडवून पुढं गेला. आळीच्या टोकाला एक तरणाबांड तेली होता, नुकतं लग्न झालेला. त्यानं अट आनंदानं मान्य केली. कोंडाजी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगून आला, पाखऱ्याचं आणि कपाळाचंही. तो तरणा हसून म्हणाला, "दादा, तुम्हाला जमलं नाही, म्हणून मला जमणार नाही का?"

दसऱ्याला त्याच्या डोक्यावर पागोटं बसलं. वाजतगाजत मिरवणूक आळीतून निघाली. कोंडाजी आणि सगुणा दारात उभे होते. वाईट वाटलं कोंडाजीला, खोटं कशाला बोला! मग मिरवणूक समोर आली आणि त्याला पागोट्याखालचा चेहरा दिसला. गाल आत गेलेले, डोळे उघडे पण रिकामे. माणसं नावानं हाका मारत होती, फुलं टाकत होती. तो कुणाकडे बघत नव्हता. त्याचे ओठ फेरे मोजल्यासारखे नुसते हलत होते, आणि मागून त्याची बायको मान खाली घालून चालली होती.

ढोल लांब गेल्यावर कोंडाजी म्हणाला, "सगुणे, उद्या तिच्याकडे जाऊन ये."

तात्पर्य: मोठं व्हायला कष्ट जरूर करावेत, पण विसाव्याचा दिवस त्यात कधी घालवू नये; ज्यांच्यासाठी आपण झिजतो त्यांना संध्याकाळच्या आत दुसरा माणूस मिळतो, आपल्या घराला मिळत नाही.