तांडेलांनी इंजिन बंद केलं

एका समुद्रकाठच्या गावी एकदा एक वृद्ध गुरू राहत होते. विद्या मात्र त्यांची निराळी. ते माणसांना पाण्याखाली जायला शिकवत. उभं आयुष्य होडी हाकण्यात गेलं म्हणून गावात त्यांना सगळे तांडेल म्हणत. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्राचा तळ पाहून यावा, अशी हौस हल्ली पुष्कळांना असते. अशी हौशी मंडळी तांडेलांकडे येत आणि चार दिवस शिष्य होऊन राहत. त्यातल्याच एका शिष्याची ही गोष्ट. तो सुखरूप परत आला, हे आधीच सांगून टाकतो. तुमचा जीव टांगणीला लावून मला काय मिळणार आहे?

शिष्याचं नाव धैर्यशील. कृष्णाकाठचा गडी. त्याच्या गावात मूल पोहायला शिकतं ते पाठीला सुका भोपळा बांधून. भोपळा तरंगतो आणि त्याच्या जिवावर पोरही तरंगतं. मग एके दिवशी घरातलं वडीलधारं माणूस भोपळा सोडून घेतं आणि पोर मोकळं पोहू लागतं. धैर्यशीलचा भोपळा सुटला त्या दिवशी त्याच्या आजोबांनी घाटावर पेढे वाटले होते. एकदा सुटलेला भोपळा पुन्हा बांधणं ही तिथे मोठी नामुष्की. कुणाची टर उडवायची झाली, तर ‘याला अजून भोपळा लागतो’ एवढं म्हटलं की पुरे होतं. आमचे हे चिरंजीव पुढे भर पुरात नदी आरपार करू लागले. तेव्हा पाण्याची भीती कशाशी खातात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी वाहत्या पाण्यातली पहिली बुडी होती. या बुडीची रीत वेगळी असते. एरवी होडी नांगरून उभी राहते, माणसं दोर धरून खाली उतरतात आणि त्याच दोराने वर येतात. वाहत्या पाण्यात नांगर नसतो. खालचा प्रवाह माणसाला खडकांच्या रांगेवरून अलगद पुढे नेतो, वरून होडी मागोमाग येते आणि जिथे माणूस डोकं वर काढील तिथे त्याला उचलून घेते. आता तो नेमका कुठे डोकं काढील, हे होडीवाल्याला कसं कळावं? समुद्रावर काही चौकाचौकांत पाट्या लावलेल्या नसतात.

त्यासाठी असतो बोया. भडक नारिंगी रंगाचा, लांबट, चांगला माणसाएवढा फुगा. घडी केली की खिशात मावतो. वर येण्याआधी पाणबुड्या त्यात हवा भरतो, दोरीने तो वर सोडतो, आणि लाटांमध्ये तो उभा राहिला की लांबून नजरेत भरतो. तांडेलांचा दंडक होता की नवख्या माणसाने स्वतःचा बोया, शिट्टी आणि उन्हाची तिरीप होडीकडे पाडायला हातात मावेल एवढा आरसा घेतल्याशिवाय वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. सोबत जाणकार असला, तरीही नाही. निघण्यापूर्वी किनाऱ्यावर ते प्रत्येकाचे खिसे स्वतः चाचपून बघत.

धैर्यशीलचेही खिसे त्यांनी चाचपले. बोया होता, आरसा होता, शिट्टी जॅकेटलाच बांधलेली होती. पण हा शहाणा त्या फुग्याकडे बघत होता तो भोपळा म्हणून. बायकोच्या देखत पाठीला भोपळा! बायको, शर्वरी, होडीतच होती. तिला सर्दी झाली होती, आणि सर्दीत खोल पाण्यात कान फार दुखतात, म्हणून तांडेलांनी तिला उतरायला मनाई केली होती. होडी खडकांपाशी आली, सगळ्यांची पाठ वळली, आणि धैर्यशीलने बोया हळूच फळीखाली सरकवून दिला. आरसाही त्याच्यासोबत गेला. शिट्टी तेवढी सुटेना, म्हणून राहिली.

त्याला घेऊन खाली उतरली ती तांडेलांची लेक मिताली. तिचा हात या कामात बसलेला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मितालीने वर जायची खूण केली, स्वतःचा बोया सोडला आणि मागे वळून पाहिलं तर धैर्यशील नाही. झालं होतं असं, की एका खडकाच्या कपारीत ऑक्टोपस रंग बदलत बसला होता, आणि हे महाराज तो बघायला क्षणभर थांबले. प्रवाह त्या खडकाशी दुभंगत होता. मिताली एका अंगाने गेली, हा दुसऱ्या अंगाने. शिकवलेल्या रीतीप्रमाणे तिने थोडा वेळ आसपास शोधलं आणि ती वर आली. तोही आपला आपण वर आला होता. जॅकेटात हवा भरून मजेत तरंगत होता, पण होडीपासून लांब. होडी त्याला दिसत होती. त्याने मनाशी म्हटलं, एवढं अंतर म्हणजे आपल्या हातचा मळ. आणि तो पोहू लागला.

नदीला दोन काठ असतात, ती माणसाला कुठेतरी टेकवतेच. समुद्र टेकवत नाही. धैर्यशील जितका जोर लावी, तितकी होडी लांब जाई. काळा पोशाख, काळं डोकं, आणि मध्ये लाटा. होडीतून पाहणाऱ्याला ते डोकं दिसावं तरी कसं?

होडीत शर्वरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मिताली एकटीच वर आलेली पाहून ती उभीच राहिली. तांडेलांनी मितालीला आत घेतलं, होडी आधी एका बाजूला नेली, मग दुसऱ्या बाजूला नेली. तिघांच्याही नजरा पाण्यावर फिरत होत्या, आणि शर्वरी नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती. एरवी ती त्याला नावाने हाक मारत नसे. ऊन तिरपं झालं होतं आणि पाणी इतकं चमकत होतं की डोळे दुखत होते. आणि अशा वेळी, जेव्हा होडी दामटायला हवी असं कुणीही म्हणेल, तेव्हा तांडेलांनी इंजिन बंद केलं. वल्ह्यालाही हात लावला नाही. नुसते बसून राहिले.

शर्वरीला संताप आवरेना. म्हातारा हातपाय गाळून बसला, असंच तिला वाटलं.

“तांडेलकाका, इंजिन चालू करा,” ती म्हणाली. “माझा माणूस वाहून चाललाय, आणि तुम्ही बसताय काय?”

तांडेलांनी तोंडावर बोट ठेवलं. मितालीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. होडी पाण्याबरोबर आपोआप सरकू लागली. लाटांची चुबुकचुबुक तेवढी ऐकू येत होती. शर्वरीने डोळे मिटून घेतले.

आणि मग शिट्टी ऐकू आली. अगदी बारीक, पण शिट्टीच. तांडेलांनी मान वळवली, आवाजाची दिशा नीट धरली, शिट्टी पुन्हा एकदा ऐकली, आणि मगच इंजिन सुरू केलं. पुढे फार काही सांगण्यासारखं नाही. त्या दिशेला गेल्यावर ते काळं डोकं दिसलं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मिताली तर हसता हसता रडायलाच लागली. धैर्यशीलला ओढून आत घेतलं, तेव्हा शर्वरीने आधी त्याच्या ओल्या दंडावर एक चापट मारली आणि मग तो दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला. तांडेलांनी थर्मासमधला कोरा चहा ओतून दिला. तो चहा इतका गोड होता की एरवी धैर्यशीलने नाक मुरडलं असतं. आता तो दुसऱ्यांदा मागून प्यायला. सगळेच एकदम बोलू लागले होते, आणि कोण काय बोलतंय याची कुणालाच फिकीर नव्हती.

जरा धाप ओसरल्यावर धैर्यशीलने फळीखालून बोया काढला आणि सगळं कबूल केलं. भोपळ्याचंही सांगितलं. होडी आपल्याला सोडून भलतीकडे जातेय असं दिसलं, तेव्हा कुठे शिट्टी तोंडात धरली, तीही लाजत, हे सांगताना त्याची मान खाली गेली. वर पुन्हा म्हणाला, मी काही बुडत नव्हतो, नुसता तरंगत होतो. आणि एक गोष्ट मात्र त्याला उमगत नव्हती, ती त्याने विचारली. माणूस हरवलेला असताना तांडेलांनी इंजिन का बंद केलं?

तांडेल म्हणाले, “होडी पळवत होतो तेव्हा आपण शोधतोय, असं वाटत होतं. पण त्या धडधडीत आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. इंजिन बंद केलं, तेव्हा ज्या पाण्याने तुला नेलं त्याच पाण्यावर आम्हीही वाहायला लागलो, आणि कान मोकळे झाले. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं. बाकीचं तुझ्याकडून व्हायला हवं होतं.”

मग त्यांनी तो नारिंगी बोया उचलून शर्वरीच्या मांडीवर ठेवला.

“भोपळा पोहणाऱ्यासाठी असतो, बाबा. तुझा तो कधीच सुटला, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. हा बोया तुझ्यासाठी नाही. हा हिच्यासाठी आहे. तू तरंगतोयस, हे तुला ठाऊक होतं. हिला कुठे ठाऊक होतं?”

धैर्यशीलने बायकोकडे पाहिलं. इतका वेळ तो आपल्याच दमछाकीची हकिगत सांगत होता. ती कशी होती, हे त्याने विचारलंच नव्हतं. आता विचारलं.

“मी हाका मारत होते,” शर्वरी म्हणाली. “तुमचं नाव घेऊन. तुम्हाला ऐकू नाही आल्या?”

त्याने मानेनेच नाही म्हटलं. मितालीने तिलाही चहा ओतून दिला. त्याने पेल्याखाली आपला हात धरला आणि ती पिऊन होईपर्यंत तसाच ठेवला. तांडेलांनी होडी किनाऱ्याकडे वळवली, आणि परतीच्या वाटेवर त्या दोघांना कुणी काही विचारलं नाही.

आपण बुडत नाही आहोत, एवढ्यावर आपली माणसं निश्चिंत होत नाहीत. आपण कुठे आहोत, हे त्यांना दिसावं लागतं.